ठकूकाकूचे दंडभाऊ

आमच्या आळीत नवा माणूस आला की लोक त्याला नाव विचारत, गाव विचारत, आणि जरा ओळख झाली की आडून आडून जात विचारत. ठकूकाकू यातले काहीच विचारीत नसे. ती म्हणे, "डावा दंड दाखव."

माणूस गोंधळून इकडेतिकडे पाही. "अरे, बाही वर कर. लाजतोस काय बाईसारखा?" बाही वर गेली की काकू पुढे वाकून देवी टोचल्याचे वण बघे, एकेक वण अंगठ्याने दाबून बघे, आणि मग चौकशी सुरू होई. कुठे टोचून घेतले, कोणत्या थंडीत, आणि कोणाच्या पोरावरून. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फारसे कोणाला येत नसे. मग काकू तोंडाने च् च् करी आणि म्हणे, "आईबापांनी काही सांगितलंच नाही तुला. अनाथासारखा वाढलास."

एकदा तिने मामलेदार कचेरीत बदलून आलेल्या एका कारकुनाला रस्त्यातच गाठले. तो सभ्य माणूस चारचौघांत अंगरखा काढून उभा राहिला. त्याला वाटले, कल्याणात ही सरकारी रीत असावी.

मी कल्याणचाच, शिंप्याचा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. मुंबईला खोलीवरच्या मित्रांना ठकूकाकूच्या गोष्टी सांगितल्या की ते पोट धरून हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसतो. पण रात्री अंथरुणावर पडलो की वाटते, आपण अर्धीच काकू सांगितली. उरलेली अर्धी तोंडी सांगायला मला जमत नाही, म्हणून लिहून पाहतो आहे. लिहायची मला सवय नाही.

काकूचे घर आमच्या घराला भिंत लागून. काका तांबट. जन्मभर हंडे-घागरी ठोकून त्यांचे कान पार गेले होते. काकू दिवसभर बोलत असे आणि काका दिवसभर ठोकत असत, त्यामुळे त्या घरात भांडणाला जागाच नव्हती. काकूने फारच हात हलवले तर काका मान वर करून "हां" म्हणत आणि पुन्हा ठोकू लागत. हां म्हणजे हो की नाही, हे काकू स्वतःच ठरवी.

आता वासराची लस आली आहे, तेव्हा आधीची रीत थोडी सांगायला हवी. माझ्या लहानपणी देवी टोचायच्या त्या एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर. थंडी पडली की देवीचे डॉक्टर तट्टावर बसून येत आणि चावडीवर मांडी घालत. एखाद्या मुलाला टोचले की आठवड्याने त्याच्या दंडावर पाण्याने भरलेले टपोरे फोड उठत. आईने त्या पोराला घेऊन पुन्हा चावडीवर यायचे. डॉक्टर त्या फोडातली लस सुईवर घेत आणि समोर बसलेल्या मुलांना टोचत. पुढच्या आठवड्यात त्या मुलांच्या दंडावरून आणखी मुलांना. असे करत करत सरकारचा हुकूम दंडावरून दंडावर चालत आंबिवलीला जाई, तिथून पुढच्या गावाला जाई. हंगाम संपता संपता डॉक्टर शेवटच्या मुलाची लस काचेच्या पट्टीवर वाळवून ठेवत आणि पुढच्या थंडीत तीच भिजवून पहिल्या मुलाला टोचत.

लोकांना हे मुळीच पसंत नव्हते. कोणी म्हणे, सरकार मुलांवर खूण करून ठेवते आहे, मोठी झाली की पलटणीत नेणार. कोणी म्हणे, देवी ही माता आहे, ती यायची तेव्हा येईल, तिला सुईने बोलावू नये. डॉक्टरांचे तट्टू वेशीत दिसले की आळीतली मुले नाहीशी होत. माझ्या आईने मला भाताच्या कणगीत उतरवून वर सूप झाकले होते. त्या कणगीतून मला ओढून काढले ते ठकूकाकूने. मी अर्थात हे ऐकून सांगतो आहे, मी तेव्हा रांगत होतो. आई सांगते, "ठकूवहिनीनं तुला भातासकट उचललं नि चावडीवर नेलं. मी मागनं रडत गेले."

काकूने मुले ओढून नेली इथवर ठीक होते. पण टोचण्यातून नाते लागते, हे तिने कुठून काढले कोण जाणे. तिचे म्हणणे साधे होते. "एका बाईचं दूध प्यायलेली पोरं दूधभाऊ होतात की नाही? दूध तर पोटात जातं नि जिरतं. हे दंडात जातं नि जन्मभर वण ठेवतं. मग हे नातं दुधापेक्षा घट्ट की सैल?"

आळीतल्या जोशीबुवांना तिने हे विचारले तेव्हा ते म्हणाले, "शास्त्रात याचा उल्लेख नाही."

"शास्त्र लिहिलं तेव्हा डॉक्टर कुठं होता?" काकू म्हणाली.

जोशीबुवांना या विषयात पडायचेच नव्हते, कारण त्यांच्या वामनाला कुंभारवाड्यातल्या चंद्रीच्या दंडावरून टोचले होते. डॉक्टरांनी रांगेत जो पुढे आला त्याला टोचले, आणि वामन चंद्रीच्या मागे आला. बुवांनी मुलाला घरी नेऊन पंचगव्य पाजले आणि प्रकरण मिटले असे धरले. काकूने ते मिटू दिले नाही. "पंचगव्य पोटात गेलं, बुवा. दंडात कुठं गेलं?" त्या दिवाळीत भाऊबीजेला ती चंद्रीच्या हातात निरांजन देऊन तिला बुवांच्या पायरीशी घेऊन आली. वामनाला सख्खी बहीण नव्हती. तो आनंदाने पायरीवर येऊन बसला आणि त्याने ओवाळणीत आपला भोवरा दिला. जोशीबुवा तेवढा वेळ ओटीवर पाठ करून उभे होते. पाहिले नाही म्हणजे दोष नाही, असा त्यांचा निर्णय झाला. पुढे दरवर्षी भाऊबीजेला बुवा पाठ करून उभे राहत, आणि पाठ करूनच विचारत, "झालं का?"

कोणाला कोणावरून टोचले हे सगळे काकूच्या डोक्यात होते. आळीत दोन बायका पाण्यावरून भांडू लागल्या की ही मध्ये पडे. "अगं, तुझा विठू नि हिचा बाळ्या एका दंडाचे. सोयरीक लक्षात घेऊन शिव्या दे." त्यावर दोघी हसत आणि भांडण तात्पुरते मिटे. लग्नाच्या बाबतीत मात्र ती हसू देत नसे. बापाकडून सात पिढ्या सोडतात, तसे दंडाकडून सात दंड सोडायचे, असा तिने नियम केला होता. या हिशेबाने आमच्या बाजूच्या अर्ध्या कल्याणात कोणाचे कोणाशी लग्न होऊ शकत नव्हते. मुलगी दाखवायच्या दिवशी लोक तिला कळवायचे टाळत.

माझ्या बहिणीच्या, गोदीच्या, सुपारीच्या दिवशीही आईने तिला कळवले नव्हते. पण भिंत लागूनच होती.

स्थळ ठाण्याचे होते. तेही शिंपीच, कचेरीतल्या पट्टेवाल्यांचे कपडे शिवणारे. मुलगा, केशव, लहानपणी मामाकडे आमच्याच बाजूला वाढलेला. बैठक भरली, पानाचे तबक फिरले, आणि तेवढ्यात काकू लुगड्याला हात पुसत आत आली.

"नवरा मुलगा कोणता? बरं. डावा दंड दाखव."

केशवच्या वडिलांना वाटले, बाई देवी टोचल्याची खात्री करते आहे. ते अभिमानाने म्हणाले, "टोचलेला आहे हो. दाखव रे, केशव."

काकूने अंगठा फिरवला. "मामाकडे होतास ना तू? निळी कुंची घालून आलेला, डॉक्टरांच्या बोटाला चावलेला, तूच का?"

"चावलो होतो, असं मामी सांगते," केशव म्हणाला.

"मग हे लग्न होत नाही."

केशवच्या आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारले, "का, बाई? मुलीत काही आहे का?"

"मुलीत काही नाही. भाऊबहीण आहेत."

केशवची आई उठूनच उभी राहिली. माझ्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. आई हळूच म्हणाली, "ठकूवहिनी, तुमच्या पाया पडते." मी तेव्हा इंग्रजी शाळेत वरच्या वर्गात होतो, आणि अशा वेळी शिकलेल्याने बोलावे असे मला वाटले. मी म्हणालो, "काकू, नातं रक्तानं होतं. लस हे नुसतं औषध आहे."

"औषध वैद्य देतो," काकू म्हणाली. "हे पोरानं दिलंय. आपल्या अंगातनं."

मी पानाचे तबक उगीच पुढे सरकवले.

काकूला मात्र सगळ्यांची तोंडे दिसत असावीत. ती भिंतीला टेकून खाली बसली, डोळे मिटले आणि ओठ हलवू लागली. मग म्हणाली, "गोदे, इकडं ये." गोदीचा दंड तिने दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. "थांबा. हिची देवी पहिल्या खेपेला उठलीच नव्हती. आळीतल्या पोरावरून टोचलं होतं ते वाया गेलं. मग पुढल्या आठवड्यात डॉक्टर आंबिवलीहून पोर घेऊन आले, धनगराचं. त्याच्यावरून हिची उठली. ही त्या धनगराच्या दंडाची." तिने हात सोडला. "चालेल. करा लग्न."

बैठकीत एकदम सगळे बोलू लागले. साखर वाटली गेली. केशवचे वडील शेजाऱ्याला कुजबुजत विचारत होते, "धनगर कुठून आले मध्येच?" मी काकूला दारापर्यंत पोचवायला गेलो. उंबऱ्यावर थांबून ती मला नाही, स्वतःलाच म्हणाल्यासारखी म्हणाली, "म्हणजे गोदी आपली नाही."

मला वाटले, मुलगी सासरी जाणार म्हणून म्हणते आहे.

त्यानंतर काही वर्षांनी मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत घरी आलो होतो. गोदी पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली होती, तिचा मुलगा चार-पाच महिन्यांचा झाला होता आणि त्याला टोचून मगच ठाण्याला जायचे ठरले होते. अशात दवंडी पिटली. पुढच्या आठवड्यापासून सरकारचा नवा हुकूम लागू. यापुढे मुलावरून मुलाला टोचायचे नाही. ठाण्याहून वासरू येईल आणि वासराच्या अंगावरची लस टोचली जाईल.

आळीत दुसरा विषय राहिला नाही. जोशीबुवा दोन्ही बाजूंनी बोलत होते. गोमातेचा अंश अंगात गेला तर पुण्य, पण त्यासाठी वासराला इजा झाली तर पाप. तेव्हा त्यांनी निकाल राखून ठेवला. गोदीच्या सासूचा निरोप आला की, कुंभाराच्या, कोष्ट्याच्या पोरांपेक्षा गाय बरी, आठवडाभर थांबा. मलाही नवा हुकूम आवडला. आमच्या प्रोफेसरांनी सांगितले होते की, मुलाच्या लशीबरोबर कधी कधी त्या मुलाचे दुसरे रोगही जातात, आणि म्हणून सगळीकडे वासरे आणत आहेत. सरकारच्या एखाद्या हुकुमाचे कारण मला आधीपासून माहीत आहे, असे पहिल्यांदाच घडले होते. मी ते दिसेल त्याला समजावून सांगत होतो.

सर्वांना वाटले होते, काकू आता वासराचे गोत्र काढेल आणि मजा येईल. पण काकू ओटीवर गप्प बसून होती. परगावचा एक तेली तिच्यासमोरून गेला, तिने त्याला दंड विचारला नाही.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि गोदीच्या मुलाला मांडीवर घेऊन म्हणाली, "गोदे, ह्याला परवा टोचून घे. चंद्रीचं पोर परवा चावडीवर यायचंय, त्याचे फोड चांगले उठलेत. मी बघून आले." चंद्री म्हणजे तीच कुंभाराची, आता तीही लेकुरवाळी झाली होती.

"अगं काकू, पुढल्या आठवड्यात वासरू येतंय ना," गोदी म्हणाली.

"म्हणून तर परवा म्हणते."

मी पुढे झालो. सासूबाईंचा निरोप सांगितला, प्रोफेसरांचे म्हणणे सांगितले, वासराची लस अधिक शुद्ध असते हे सांगितले. काकूने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "तुझ्या दंडाला काय झालं रे, रघू? सडला का तो?"

आणि मुलाला गोदीच्या हवाली करून ती निघून गेली.

मला वाईट वाटले. तिचा अपमान झाला असेल असे वाटून मी थोड्या वेळाने तिच्या घरी गेलो. काकू घरात नव्हती, कुंभारवाड्यात गेली होती. काका एकटेच एका घागरीचा तळ ठोकत बसले होते. मी काहीतरी बोललो, ते अर्थात त्यांना ऐकू गेले नाही. मग मी बाही वर केली, दंडावर बोटाने सुई टोचल्यासारखे केले, आणि काकू कुठे म्हणून हाताने विचारले.

काकांनी हातोडी खाली ठेवली. माझ्या दंडावरचे वण त्यांनी निरखले. मग बहिरी माणसे बोलतात तसे मोठ्याने म्हणाले, "हा सदूच्या दंडाचा."

हां याखेरीज त्यांच्या तोंडून मी शब्द ऐकल्याचे मला आठवत नाही. मी ओठ हलवून विचारले, "कोण सदू?"

"आमचा सदू," काका म्हणाले. "आळीतला पहिला तोच. डॉक्टर दिवसभर चावडीवर बसून होते, एकसुद्धा पोर गेलं नाही. ही सदूला घेऊन गेली. मग त्याच्यावरून तुला, त्या केशवला, आणखी दोघातिघांना. ही घरोघर जाऊन पोरं घेऊन आली." त्यांनी घागर मांडीवर फिरवली. "त्याच पावसात पटकी आली. सदू गेला. आळी म्हणाली, देवीला सुई लावली म्हणून गेला. ही म्हणाली, देवीचा राग असेल तर त्याच्यावरून टोचलेल्या पोरांवरही असेल. बघू, ती जगतात की नाही." काकांनी हातोडीचा दांडा चाचपला. "तेव्हापासून बघते आहे."

माझी बाही अजून वरच होती.

"तिला वाटतं, तो चाललाय अजून," काका म्हणाले. "ह्याच्यावरून त्याला, त्याच्यावरून त्याला." आणि त्यांनी हातोडी उचलली.

घरी येऊन मी आईला विचारले. आईने चुलीतली लाकडे मागेपुढे केली आणि म्हणाली, "आळी तेव्हा नको नको ते बोलली. मग त्याचं नाव घ्यायला कोणाला तोंड राहिलं नाही." इतकी वर्षे भिंतीपलीकडे एक मूल होऊन गेले होते आणि मला ते माहीत नव्हते. मी जगलो याकडे कोणी इतके बारीक लक्ष ठेवून होते, हेही माहीत नव्हते.

मी पुष्कळ विचार केला. डॉक्टरांनी एवढ्या वर्षांत कधीतरी मुंबईहून नवी लस मागवली असणारच. काचेवरची लस कधीतरी फुकट गेली असेल. चंद्रीच्या मुलाच्या दंडापर्यंत सदूचे काही पोचले असेल, असे मला खरोखर वाटत नव्हते. पण हे काकूला सांगावे असे मात्र मला एकदाही वाटले नाही. मी गोदीला सदूची गोष्ट सांगितली. तिने मुलाच्या लंगोटांच्या घड्या घालता घालता ऐकली आणि म्हणाली, "मग परवाच जाऊ. सासूबाईंचं मी बघेन."

त्या दिवशी चावडीवर आम्ही पोचलो तेव्हा काकू आधीच येऊन बसली होती. तिने पेटीतले चांगले लुगडे नेसले होते. डॉक्टर आता म्हातारे झाले होते, पण तट्टू बदलले तरी डॉक्टर तेच होते. काकूला पाहून ते म्हणाले, "या, ठकूबाई. आजचा शेवटचा दिवस आपला."

"अजून टोचायचंय," काकू म्हणाली.

चंद्री पोराला घेऊन आली. काकूने ते मांडीवर घेतले आणि कुंचीचा बंद सोडून दंड उघडा केला. फोड खरोखर चांगले उठले होते, गोल आणि भरलेले. काकूचा चेहरा उजळला. तिने गोदीला जवळ बोलावले. डॉक्टरांनी सुई पुसली.

मग काकूचा हात त्या मुलाच्या मानेवर गेला आणि तिथेच राहिला.

"चंद्रे, हे गरम कसं लागतंय?"

"रातचं कुरकुरतंय, बाय," चंद्री म्हणाली. "दात येत असतील. दूध पितंय, तसं काय नाय."

डॉक्टरांनी मुलाच्या कपाळाला हात लावला, जीभ बघितली. "थोडा ताप आहे. टोचल्यानंतर कधी कधी येतो. लस तर छान दिसते आहे." ते काकूकडे बघून म्हणाले, "मी स्वतःहून घेतली नसती, पण नाही असंही म्हणत नाही. तुम्ही सांगा."

काकूने आपला गाल मुलाच्या कपाळाला लावला आणि डोळे मिटून ती तशीच बसून राहिली. गोदी आपल्या मुलाची बाही वर करून उभी होती. मला खरे म्हणजे असे वाटत होते की, काकूने घ्या म्हणावे. प्रोफेसरांचे सगळे म्हणणे मला त्या वेळी पाठ होते, तरीही वाटत होते.

"नको," काकू म्हणाली.

"आजनंतर मला असं टोचता येणार नाही, ठकूबाई. हुकूम आहे."

"ठाऊक आहे मला. दवंडी मी पण ऐकली." तिने मुलाचा दंड झाकला आणि बंद बांधला. "ताप कशाचा आहे, कोणाला ठाऊक. दुसऱ्याच्या पोरात कशाला घालायचा? गोदे, बाही खाली कर, वारं लागतंय त्याला." आणि चंद्रीला म्हणाली, "चल घरी. सुंठ उगाळून देते."

तो ताप दातांचाच होता. दोन दिवसांत दात वर आला आणि मूल खेळू लागले. तोपर्यंत फोड वाळून त्यांच्या खपल्या झाल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात ठाण्याहून बैलगाडीतून वासरू आले. पोटाकडचे केस भादरलेले, अंगावर किनखापाची नाही तरी स्वच्छ गोणपाटाची झूल. निम्मे कल्याण बघायला लोटले. जोशीबुवा आले आणि सवयीने पाठ करून उभे राहिले. मला वाटले होते, काकू येणार नाही. ती आली. गर्दीतून वाट काढत ती वासरापर्यंत गेली, पदरातून गुळाचा खडा काढून तिने त्याला चाटवला आणि बरोबरच्या शिपायाला विचारले, "ह्याचं नाव काय?"

"सरकारी वासराला नाव नसतं, बाई."

"गाय कोणत्या गावची?"

"बाळकुमची."

"बाळकुमची," काकू म्हणाली. तिचे ओठ जरा हलले. तिने ते कुठेतरी नीट ठेवून दिले असावे, कारण गोदीच्या मुलाला टोचून झाल्यावर ती लगेच म्हणाली, "हा पहिला. बाळकुमच्या वासराचा, गोदीचा मुलगा. ह्याच्या मागनं कोण आहे रे? पुढं या." मग तिने बुवांच्या पाठीला विचारले, "बुवा, दंडाचे सात धरतो. वासराचे किती धरायचे?"

"बघून सांगतो," बुवा तसेच उभे राहून म्हणाले.

सुट्टी संपली आणि मी मुंबईला निघालो. वळकटी खांद्यावर टाकून काकूच्या दाराशी गेलो. एरवी मी जायला निघालो की ती दंड मागत असे, आणि मी आता मोठा झालो म्हणून कुरकुरत असे. त्या दिवशी तिने काही विचारले नाही. "नीट जा," म्हणाली. मी वळकटी खाली ठेवली आणि स्वतःच बाही वर केली.

काकूने माझ्याकडे बघितले. मग नेहमीसारखा अंगठ्याने एकेक वण दाबून बघितला. घाई केली नाही.

"थंडी आहे," ती म्हणाली. "बाही खाली ठेवत जा." तिने बाही मनगटापर्यंत ओढली आणि गुंडी लावून दिली.

आत काकांची हातोडी थांबली होती. मी वळकटी उचलून आळीच्या तोंडाशी पोचलो, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.